डब्यातली चिठ्ठी

१२ जुलै १९९९, सोमवार

ह्यांच्या नावानं पत्र आलं! हे जाऊन दोन वर्षं चार महिने झाल्यावर. पोस्टमनला सगळं ठाऊक आहे. मान वर न करता हातात ठेवलं आणि गेला.

आनेकलहून, बेंगळुरापलीकडच्या गावातून. इंग्रजी, पण गोल, शिक्षिकेचं अक्षर. कोश दोनदाच उघडावा लागला. लिहिते — श्री. रत्नाकर यांस, मी इथल्या हायस्कुलात गणित शिकवते. तुमचा चौकाबारा हा कंप्युटरवरचा खेळ गेल्या ऑगस्टमध्ये विज्ञान प्रदर्शनात विकत घेतला. डब्यातल्या चिठ्ठीत म्हटलंय की तीन वर्षांत कधीही ह्या पत्त्यावर लिहा, खेळाचा सोर्स पाठवू. म्हणून लिहीत आहे. खाली सही — हेमावती.

पत्ता माझ्या घराचा. शब्द ह्यांचा. आणि सोर्स कुठाय ते विचारायचं कुणाला?

चौकाबारा म्हणजे आपला कवड्यांचा. पाच घरं आडवी, पाच उभी. तो कंप्युटरवर आणायचं खूळ ह्यांचंच. कारखान्यातून आले की चहा, आणि मग ते यंत्र. मदतीला शेषगिरी, ह्यांच्याच खात्यातला, सहा वर्षांनी लहान. शहाण्णवच्या दसऱ्याला खेळ डब्यात घालून विकायला काढला. डबे मी भरले, ह्याच टेबलावर बसून. एक फ्लॉपी, एक रंगीत कागद, एक चिठ्ठी चार घड्या घातलेली. चिठ्ठीत काय आहे ते एकदाही वाचलं नाही. घड्या घालणाऱ्या बाईला कोण म्हणतं वाच म्हणून!

१३ जुलै

माळ्यावर एक रिकामा डबा सापडला. चिठ्ठी आत होती. घडी माझीच.

वाचली. हेमावती म्हणते ते खरं आहे. उलट जास्तच आहे. ज्यानं डबा विकत घेतला त्यालाच नव्हे, जो कोणी मागेल त्याला. तीन वर्षं. फ्लॉपी आणि टपालाच्या खर्चापेक्षा जास्त न घेता.

मला विचारलं होतं का? सहा महिन्यांत जायचं होतं तर पत्ता लिहिताना निदान सांगायचं तरी!

१७ जुलै, शनिवार

शेषगिरीला निरोप दिला होता. आला. पत्र वाचलं आणि हसला.

"वैनी, फाडून टाका."

म्हटलं, का?

"कोण एक टीचर आनेकलची. तिला काय कळतंय? सोर्स बघून काय करणार, मंगळारती?"

मग जरा खाली बसून सांगायला लागला. सोंगट्या पडद्यावर सरकवायच्या, कवड्या उलट्यापालट्या करायच्या — तेवढा भाग कुणा परदेशी माणसानं आधीच लिहून ठेवला होता. तो ह्यांनी घेतला. तो वापरायला कुणाची ना नाही, पण त्याच्याबरोबर एक लायसन्स येतं. "स्वल्प लफड्याचं आहे. आता त्याला ओपन सोर्स म्हणायला लागलेत. नाव नवं, लफडं तेच."

"मग ते पाळायला नको?"

"वैनी, तुम्ही कुठं सही केलीय? मी केलीय? रत्नाकरअण्णांनी केलीय? सही नाही तर बांधील कसे?"

इलेक्ट्रॉनिक सिटीतली एक कंपनी हा खेळ घेणार आहे म्हणे. बाहेरदेशी पाठवणार. सोर्स असा आनेकलला वाटत सुटलं तर ते कशाला घेतील? "दसऱ्यापर्यंत गप्प बसा. तीन वर्षं पुरी होतात. मग सोर्स मागायला ब्रह्मदेव आला तरी द्यायला नको."

"सोर्स आहे का पण तुझ्याकडे?"

कॉफीचा पेला तोंडाला लावला. आणि वर म्हणतो, "अजून स्वल्प मिळेल का, वैनी?"

दुसऱ्यांदा कॉफी दिली. द्यायला नको होती.

१८ जुलै

हे गेल्यावर चौदाव्या दिवशी हाच माणूस कंप्युटर घेऊन गेला होता. "दोघांच्यात घेतलेला आहे वैनी, माझ्याकडे नीट राहील." मी उंबऱ्यात उभी. ना म्हणायचं सुचलं नाही. त्या दिवसांत कुणी घराची दारं काढून नेली असती तरी सुचलं नसतं.

माझ्याकडे राहिली ती एक फ्लॉपी. निळी. वर ह्यांच्या हातचं — चौकाबारा, सोर्स. मला म्हणाले होते, घराला आग लागली तर देवांच्या आधी ही उचल. मी चिडले होते. पण ठेवली देवघरातच, रेशमी फडक्यात. अठ्ठ्याण्णवच्या संक्रांतीला शेषगिरीनं तीही मागून नेली. चार दिवसांनी परत आणली. "वाचत नाही, वैनी. करप्ट आहे." माझ्याकडे न बघता बोलला.

करप्ट! चार दिवसांपूर्वी देवघरात असलेली वस्तू ह्याच्या घरी जाऊन करप्ट कशी होते?

२५ जुलै, रविवार

गेल्या सोमवारी ह्यांच्या फायलीत ते लायसन्स छापलेलं सापडलं. बारीक अक्षर, सहा पानं. नाव जनरल पब्लिक लायसन्स.

माझं शिक्षण कन्नड सातवी. मराठी आईकडून, इंग्रजी ह्यांच्या जुन्या वर्तमानपत्रांतून आणि कोशातून, तेही चाळिशीनंतर. रोज जेवण झाल्यावर एक कलम. जास्त पचत नाही.

आज पाचवं. शेषगिरीचं सहीचं बोलणं तिथूनच उचललेलं आहे. तुम्ही ह्यावर सही केलेली नाही, म्हणून हे मान्य करायची तुमच्यावर सक्ती नाही. इथवर वाचून त्यानं चष्मा काढला असणार! पुढचंच वाक्य — पण ह्याच्यावाचून दुसऱ्या कशानंही तुम्हाला हा प्रोग्रॅम बदलायची किंवा वाटायची परवानगी मिळत नाही. म्हणजे मान्य नसेल तर हात लावू नका. हात लावलात, डब्यात घालून विकलात, की झालं मान्य.

सही न करता बांधलं जाणं मला काही नवीन नाही. लग्नात मी तरी कुठे सही केली होती.

२ ऑगस्ट

सोर्स म्हणजे काय ते आज नीट कळलं. खेळाचं लिखाण दोन रूपांत असतं. एक माणसानं लिहिलेलं, माणसाला वाचता येणारं, खोडता-बदलता येणारं. ते सोर्स. त्यावरून यंत्राला चालेल असं दुसरं बनवतात. डब्यात गेलं ते दुसरं. त्यानं खेळता येतं, पण आत काय आहे ते दिसत नाही, बदलता तर मुळीच येत नाही. लोणच्याची बरणी दिली आणि कृती आपल्याकडे ठेवली, तसं.

लायसन्स म्हणतं, बरणी विका, हवी तितकी विका. पण माझ्या कृतीतून तुमचं लोणचं झालं असेल तर तुमची कृतीही लोकांना द्या. ह्याच अटीवर. घेणाऱ्यानंही पुढे तसंच द्यायचं. सोर्स डब्यातच घाला, नाहीतर तीन वर्षांचं लेखी वचन घाला. मूळ माणसाचं नाव पुसू नका. तुम्ही बदल केलात तर तारीख घालून सांगा.

ह्यात लफडं कुठाय? सरळ तर आहे. फुकट मिळालं म्हणून गिळून बसायचं असेल त्यालाच लफडं वाटेल.

शेवटी एक कलम सगळं मोठ्या अक्षरांत. कसलीही हमी नाही. बिघाड निघाला तर निस्तरणं तुमच्याकडे. वाचून हसू आलं. कितीतरी दिवसांनी. मग थांबलं.

९ ऑगस्ट

हेमावतीला पत्र टाकलं. कन्नडमध्ये, म्हणजे चुका कमी. श्री. रत्नाकर सत्त्याण्णवच्या मार्चमध्ये वारले. मी त्यांची पत्नी मथुरा. सोर्स पाठवीन.

पाठवीन असं लिहून बसले! पेटीत टाकल्यावर कळलं काय केलं ते. आता शब्द माझाही झाला.

वही घ्यायची म्हणते आणि राहतं. ह्यांच्या कपाटात पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा होता, दोन्ही कडांना भोकांच्या पट्ट्या असलेला, पालथा ठेवलेला. गेल्यावर आवराआवर करताना काढला आणि तेव्हापासून वरचं एकेक पान फाडून ह्यावरच लिहिते. पलीकडे ऑफिसचं काहीतरी छापलेलं, नुसते कंस आणि टिंबं. आता थोडी पानं उरलीत.

२१ ऑगस्ट, शनिवार

शेषगिरीकडे गेले होते. बायकोनं दार उघडलं, "या अक्का" म्हणाली, पण आत वळून बघत. तो न्हाणीघरात लपला होता का देव जाणे. वीस मिनिटांनी आला, केस कोरडे!

"सोर्स दे, शेषगिरी. हेमावतीला शब्द दिलाय."

"कुणी दिला?"

"मी."

कपाळावर हात मारून घेतला. "वैनी, कारखान्यात पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला लायसन्स कळलं नाही, तुम्हाला बरं कळलं!"

"त्यांना कळलं होतं. म्हणून तर चिठ्ठी घातली."

मग हळूच, "पुढच्या आठवड्यात बघतो. चालेल ना, सरी?"

सरी नाही. मुळीच सरी नाही! येताना बसमध्ये मुठी आवळून बसले होते, नखांचे वळ हातावर अजून आहेत.

२८ ऑगस्ट

पुढचा आठवडा आला. शेषगिरी आला नाही.

१६ सप्टेंबर

मंडळाच्या गणपतीला गेले. सगळी जुनी घरं, तीच पातळं, तीच विचारपूस. आरतीनंतर सरस्वतीबाईंनी धरलं. मागच्या गल्लीतल्या. दुसऱ्याच्या घरात काय शिजतं ते त्यांना स्वतःच्या चुलीआधी कळतं. "का हो, शेषगिरी येतो का अजून तुमच्याकडे? एवढा अण्णा अण्णा करायचा."

मी म्हटलं — मोठ्यानं म्हटलं — "कशाला येईल? मेलेल्या माणसाचं लिहिलेलं गिळून बसलाय. आता ते कंपनीला विकणार आहे."

सगळ्या माझ्या पाठीमागे बघायला लागल्या. मागे बघितलं तर त्याची बायको, हातात प्रसादाचं ताट. तिनं मला प्रसाद दिला. ताट तसंच खाली ठेवून चप्पल घालून गेली.

वाईट वाटलं नाही. लिहून ठेवते, वाटलं नाही.

३० सप्टेंबर

हेमावतीचं दुसरं पत्र. ह्या वेळी कन्नड. आधी दुखवट्याच्या दोन ओळी, नीट लिहिलेल्या, गूळ न घालता. मग म्हणते, घाई नाही. पण का हवंय ते सांगते. आनेकलकडे चौकाबारा सात घरांचा खेळतात, पाचांचा नाही. आणि दोन सोंगट्यांची जोडी लागली तर तिला एकटी सोंगटी मारू शकत नाही. तुमच्या खेळात हा नियम नाही. माझ्या आठवीच्या मुली म्हणतात, हा खेळ चुकीचा आहे, मिस! मी म्हटलं, चुकीचा नाही, दुसऱ्या गावचा आहे, आपण आपल्या गावचा करू. त्यासाठी सोर्स.

दुसऱ्या गावचा आहे! हे असते तर उडी मारून उठले असते. बघ, बघ, मी काय म्हणत होतो, असं म्हणत यंत्राकडे गेले असते. कॉफी निवली असती.

९ ऑक्टोबर, शनिवार

शेषगिरीला रस्त्यात गाठलं, बनशंकरीच्या देवळासमोर, फुलवाल्यांच्या गर्दीत. टाळून जाणार होता.

"दहा दिवस, वैनी," म्हणाला. "शहाण्णवच्या दसऱ्याला खेळ काढला, नव्व्याण्णवच्या दसऱ्याला वचन संपलं."

मी चिठ्ठी पर्समध्ये घेऊनच फिरते आता. काढून दाखवली. "हिच्यावर तारीख कुठाय? दसरा लिहिलाय कुठे? तीन वर्षं एवढंच आहे. हेमावतीनं डबा गेल्या ऑगस्टमध्ये घेतला. प्रदर्शनात कोण बसलं होतं विकायला?"

"मी."

"मग चिठ्ठी त्या दिवशी तिच्या हातात पडली. त्यांच्या जाण्यानंतर दीड वर्षानं. म्हणजे वचन कुणी दिलं, शेषगिरी? मेलेल्यानं नाही दिलं. तू दिलंस. दोन हजार एकपर्यंत."

फुलवाली ऐकत होती. त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, "सोर्स माझ्याकडे नाही, वैनी. खरंच नाही. कंपनीलाही आज देतो उद्या देतो करतोय."

"फ्लॉपी घेऊन गेला होतास, तेव्हा तिच्यावरचा सोर्स कुठे गेला?"

माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी बोलणार होता. मोगऱ्याचा गजरा घेतला आणि गेला.

चौकाबाऱ्यात दुसऱ्याची सोंगटी मारल्याशिवाय आपली आतल्या घरात जात नाही. त्याला हा नियम पाठ आहे.

१८ ऑक्टोबर, सोमवार. खंडेनवमी

सकाळी शिवणयंत्र पुसलं, कात्री, विळी, माझा चष्मा, कोश. ह्यांच्या वेळी यंत्रांची पूजा हेच करायचे. मी ताट धरून उभी. हळद, कुंकू, गंध, अक्षता, फूल.

फ्लॉपीही काढली. गेल्या वर्षी रागानं फडक्याला हात लावला नव्हता. आज वाटलं, मोडलेलं हत्यारही हत्यारच.

तिला खाली एक पत्र्याची झडप असते, सरकणारी. अंगठ्यानं सरकवली.

आत लाल.

काळ्या चकतीवर वाळलेलं कुंकू, ओढल्यासारखं गोल फिरलेलं. आणि कडेला एक अक्षता अडकलेली, तांबूस.

आठवलं. सत्त्याण्णवची खंडेनवमी. वर्षाच्या आतला सण, घरात काही करायचं नव्हतं. पण ह्यांची वस्तू पूजेवाचून कशी ठेवायची म्हणून कुणाला न सांगता एकटीनं केली. कपाळ माझं रिकामं, करंडा नुसता पडलेला. फ्लॉपीच्या वरच्या निळ्या भागाला लावणार होते. मग वाटलं हे तर कापड झालं, कुंकू कापडावर कुठे लावतात. झडप सरकवली, आतलं अंग दिसलं. तिथे लावलं. ओलं करून. अक्षता वाहिल्या.

हे यंत्राला नुसतं फूल वाहायचे का, आत काही लावायचे का, इतकी वर्षं ताट धरून बघितलं नाही कधी. ताट धरणारी ताटाकडे बघते.

शेषगिरीनं फ्लॉपी नेली ती त्यानंतर तीन महिन्यांनी.

१९ ऑक्टोबर, दसरा

दसऱ्याचं सोनं म्हणून बन्नीची पानं द्यायला कुणाकडे गेले नाही. दर वर्षी शेषगिरी यायचा. आला नाही.

२४ ऑक्टोबर, रविवार

गेले त्याच्या घरी. बायकोनं दार उघडलं. ह्या वेळी अक्का नाही म्हणाली. नुसती बाजूला झाली.

फडकं उलगडून टेबलावर ठेवलं. झडप सरकवून दाखवली. म्हटलं, "हे मी केलं. तू नाही."

त्यानं बघितलंही नाही. म्हणाला, "ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"संक्रांतीपासून. मशीनमध्ये घातली तेव्हा खरखर आवाज आला. काढून बघितली."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार होतो, वैनी? तुमच्या कपाळाकडे बघून सांगू, की तुमच्या कुंकवानं अण्णांचं काम गेलं म्हणून?" मग चष्मा पुसत, "करप्ट म्हटलं. करप्ट म्हणजे बिघडलेली, तेच झालं होतं की."

बायको दारात होती. तिलाही त्यानं सांगितलं नव्हतं. गणपतीपासून ही दोघं मंडळात गेली नाहीत, त्याचं कारण माझी जीभ. आणि हा ऐकत राहिला. तिचं तोंड मात्र आता लाल झालं, माझ्यावर की त्याच्यावर, कळलं नाही.

जुना कंप्युटर त्यानं सत्त्याण्णवच्या दिवाळीत बदलून नवा घेतला होता. सोर्स त्यावर होता. पुसायला दिला, कारण मूळ फ्लॉपी वैनींकडे देवघरात आहे, तिथे काय होणार! कंपनीला खेळ दाखवला तेव्हा वाटलं होतं कुठेतरी एखादी जुनी प्रत निघेल. निघाली नाही. दसऱ्यापर्यंत गप्प बसा म्हणत होता ते लोभानं होतं, तेही त्यानं कबूल केलं. "लोभ होता, वैनी. नाही म्हणत नाही. आणि भीतीही होती. तुम्हाला कळेल याची."

तिनं कॉफी आणली. तिघांनी घेतली. कुणीच अजून स्वल्प म्हटलं नाही.

२६ ऑक्टोबर

हेमावतीला लिहायला बसले. सोर्स नाही. हरवला. कुणी हरवला ते लिहू का? तिसरं आंतरदेशीय पत्र फाडलं.

त्यांनी आठ वर्षं लिहिलं. मी चिमूटभर कुंकवात घालवलं. आता ह्या गठ्ठ्यातलं एकच पान उरलंय, तेवढं झालं की लिहिणंही बंद.

३१ ऑक्टोबर, रविवार

हे शेवटचं पान. म्हणून उलटून बघितलं, काय होतं ह्या ऑफिसच्या कागदांवर. आजवर कधी नीट बघितलं नव्हतं.

वर मोठ्या अक्षरांत चौकाबारा. खाली ह्यांचं पूर्ण नाव, साल, आणि त्या खाली — पाठ झालंय मला, कोश लागला नाही — हा प्रोग्रॅम कुणालाही वाटता येईल, बदलता येईल, जनरल पब्लिक लायसन्सच्या अटींवर. उपयोगी पडेल ह्या आशेनं दिला आहे, हमी मात्र कसलीही नाही.

गठ्ठा पालथा होता! म्हणून शेवटचं पान वर आलं आणि मी शेवटाकडून लिहीत आले. पहिलं पान सगळ्यांत खाली.

मोठ्यानं ओरडले असेन, कारण वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, काय झालं?

ट्रंकेतून सगळी जुनी पानं काढली. अडीच वर्षांची. उलटी करून क्रमानं लावली, प्रत्येकावर कोपऱ्यात आकडा आहे. तीन कमी निघाली. मेतकुटाच्या आणि पापडाच्या डब्यांखाली सापडली. एकावर तेलाचा डाग, पण अक्षर दिसतं. सगळी आहेत. कंस, टिंबं, सगळं.

सोर्स माझ्या हाताखालीच होता. रोज.

२ नोव्हेंबर

ह्याच पानावर उरलेल्या जागेत लिहिते.

झेरॉक्सवाल्याकडे गेले. म्हटलं, फक्त ही बाजू. त्यानं एक काढून दाखवलं. ह्यांच्या प्रिंटरची रिबन फिकट, आणि मी बॉलपेन दाबून लिहिणारी. "तुमचंच जास्त उमटतंय, अम्मा," म्हणाला. "मागचं पुढे येतंय. कोड आणि पत्र मिक्स. कोण वाचणार हे?"

आणि नुसता कागद देऊन भागतही नाही. तिसरं कलम. बदल करायला सोयीचं पडेल अशा रूपात द्यायचं, म्हणजे फ्लॉपीवर. कुणीतरी हे सगळं पुन्हा टाइप करायला हवं, एकही टिंब न चुकता. टिंब कुठलं आणि रिबनचा ठिपका कुठला हे ज्याला ओळखू येईल असा बेंगळुरात एकच माणूस आहे.

शेषगिरीला फोन केला. सगळं सांगितलं. म्हणाला, "मी बसतो, वैनी. गुरुवारपासून. आधी टीचरची फ्लॉपी. कंपनीचं मग, त्यांना लायसन्ससकट हवं तर घेतील."

अजून त्याला सांगितलं नाही की मागच्या बाजूला काय आहे. ह्या जुलैपासूनचं तर आहेच. त्याच्या मागची दोन वर्षंही आहेत. कंप्युटर नेला त्या दिवसाचं. फ्लॉपी परत आणली त्या दिवसाचं. त्याला मी काय काय म्हटलंय!

४ नोव्हेंबर, गुरुवार

मागचं वाचू नकोस म्हणून सांगणार होते. नाही सांगत. अर्धं देऊन चालत नाही, आणि कागद एकच आहे.

सुतळी बांधली. हे पान सगळ्यांत वर. खाली स्कूटर थांबली.